गणिताचा दुसरा भाग

मुंगी इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाला डायनॅमिक्समध्ये उडाली होती. तिचं हे नाव ती पाळण्यात असतानाच बाबांनी ठेवलेलं, अंगाने एवढीशी म्हणून. नापास झाल्याचं कळलं तेव्हा आईने दोन दिवस तोंड पाडलं होतं, पण बाबांनी काही मनावर घेतलं नाही. ते सव्वीस वर्षं शहर बस चालवत होते. "एकदा चढावर बंद पडली म्हणून गाडी कोणी भंगारात काढत नाही," एवढंच म्हणाले आणि डबा उचलून ड्यूटीवर गेले.

आता तोच पेपर ती पुन्हा देणार होती. ब्रेक लावल्यावर गाडी किती अंतरात थांबेल, दोन गाड्या आपटल्यावर कोणत्या वेगाने पुढे जातील, असली गणितं दिवसभर सोडवायची. मंगळवारी दुपारी ती अशाच एका गणितात मान खुपसून बसली होती, तेव्हा डेपोतून फोन आला.

बाबांच्या बसने एका छोट्या गाडीला धडक दिली होती. सकाळची पाळी संपवून बाबा रिकामी बस डेपोकडे आणत होते. सरळसोट रस्ता, रहदारी बेताची. डाव्या हाताला औषधांच्या दुकानाला लागून एक गल्ली येते. त्या गल्लीतून गाडी बाहेर आली आणि बसने तिला कुशीत धडकून फरफटत पुढे नेलं. गाडी एक शिवणकाम करणारी बाई चालवत होती. तिच्या दोन बरगड्या मोडल्या आणि मनगटाचा चुरा झाला. जीव वाचला.

बाबा संध्याकाळी घरी आले. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता, पण बूट काढताना नाडीची गाठ त्यांना सुटेना. आईने खाली बसून ती सोडवली.

"एकदम समोर आली गं," ते आईला म्हणाले. "नव्हती आणि आली. जमिनीतून वर आल्यासारखी."

चौकशी सोमवारी सकाळी दहाला होती. तोवर घरी बसायचं. सगळं घोडं वेगावर अडलं होतं. त्या रस्त्यावर पन्नासची मर्यादा. बाबा म्हणत होते, मी पंचेचाळिसावर होतो. फुटपाथवरची माणसं म्हणत होती, बस वाऱ्यासारखी आली. बसमधलं वेग नोंदवणारं यंत्र दोन महिने बंद होतं. तशी तक्रार बाबांनीच वहीत लिहिली होती, पण वहीतल्या तक्रारीवरून वेग काही कळत नाही.

जेवताना बाबांनी मान वर केली. "मुंगे, तू हेच शिकतेस ना गं? ब्रेकच्या खुणांवरून वेग काढता येतो म्हणे."

"येतो," मुंगी म्हणाली.

"मग काढ की. कागदावर मांडून दे. मी साहेबांपुढे ठेवतो."

केवढ्या विश्वासाने म्हणाले ते. आपण या विषयात नापास झालोय, हे त्यांना आठवत तरी आहे का, असं तिला वाटलं. आणि खरी भीती तर त्याच्याही पलीकडची होती. गणित बरोबर आलं आणि उत्तर वाईट आलं, तर?

बुधवारी सकाळी ती आईला घेऊन त्या रस्त्यावर गेली. टेप घरातलाच, कपाटं बसवताना आणलेला. आईने एक टोक धरलं, मुंगीने दुसरं. डांबरावर टायरचे काळे पट्टे स्पष्ट होते. पट्टे सुरू झाले तिथपासून काचांचा चुरा पडला होता, म्हणजे धडक झाली होती, तिथपर्यंत चार मीटर. तिथून पुढे बस थांबली तिथपर्यंत सात मीटर. आई टोक धरून खाली बसली होती आणि त्या काचांकडे बघायचं टाळत होती.

औषधांच्या दुकानातली बाई पायऱ्यांवर येऊन उभी राहिली. "विमावाले का तुम्ही?" तिने विचारलं.

"नाही," आई म्हणाली. "ड्रायव्हरच्या घरचे."

बाई एक पायरी खाली उतरली. मग म्हणाली, "मी काउंटरलाच होते. ती बाई गल्लीच्या तोंडाशी पूर्ण थांबली होती हो. दोन्हीकडे बघितलं तिने आणि मग हळू गाडी काढली. माझ्या डोळ्यांसमोर झालं."

मुंगीने गल्लीच्या तोंडापासून काचांपर्यंतचं अंतरही मोजलं, सहा मीटर. ते कशाला लागणार हे तिला ठाऊक नव्हतं. पण डायनॅमिक्स शिकवणाऱ्या सरांचा नियम होता, जे जे दिलंय ते सगळं आधी लिहून काढायचं. या सरांना पोरं बाण सर म्हणायची. कुठल्याही गणितात आधी आकृती काढा, तिच्यावर सगळ्या बलांचे बाण दाखवा, मगच आकड्यांना हात लावा, हा त्यांचा रोजचा धोशा.

दुपारी तिने दार लावून घेतलं. रिकाम्या बसचं वजन बसच्या अंगावरच लिहिलेलं असतं, दहा टन. छोटी गाडी एक टन. कोरड्या डांबरावर टायर घासत जातो तेव्हा वेग किती झपाट्याने उतरतो ते पुस्तकातल्या तक्त्यात होतं. शेवटाकडून सुरुवातीकडे जायचं. धडकेनंतर बस आणि गाडी चिकटून सात मीटर घसरल्या, म्हणजे तेव्हा त्यांचा वेग सेकंदाला नऊ मीटर. धडकेआधी तेवढाच मोमेंटम, म्हणजे वजन गुणिले वेग, एकट्या बसकडे होता, म्हणून बसचा वेग थोडा जास्त, सेकंदाला दहा मीटर. आणि धडकेच्या आधी चार मीटर ब्रेक दाबलेला, त्यात सेकंदाला जवळजवळ सात मीटर वेग गेला. दहा आणि सात, सतरा. थोडं कमी. ताशी किलोमीटरमध्ये केलं.

एकसष्ट.

तिने पेन्सिल खाली ठेवली. तिने नव्या पानावर पुन्हा पहिल्यापासून मांडलं. एकसष्ट. तिसऱ्यांदा बाण काढून, सगळं शिस्तीत. एकसष्टच.

दारावर टकटक झाली. "काय आलं गं?" बाबांचा आवाज.

"अजून झालं नाही, बाबा. किचकट आहे."

"होऊ दे सावकाश. घाई नाही."

ते दारापासून लगेच गेले नाहीत. त्यांची सावली दाराखालच्या फटीत बराच वेळ होती. मुंगीने वहीवर हात ठेवला, जणू लाकडातून त्यांना आकडा दिसला असता.

बुधवारची रात्र आणि गुरुवारचा सबंध दिवस तिने तो आकडा पोटात ठेवून काढला. जेवताना ती ताटाकडेच बघत होती. समोर बसलेले बाबा खोटं बोलतायत, असं मनात आलं की तिला स्वतःचीच शरम वाटे. आणि दुसऱ्या क्षणी वाटे, सव्वीस वर्षं चालवणाऱ्या माणसाला आपण कितीवर आहोत हे कळत नसेल? बाबा तिच्याकडे बघून एकदा दोनदा हसले. त्यांना वाटत होतं, पोरगी मेहनत घेतेय.

शुक्रवारी ती वही घेऊन बाण सरांकडे गेली. सर स्टाफरूममध्ये एकटेच पेपर तपासत होते.

"एक गणित अडलंय, सर."

सरांनी वही पुढे ओढली. आकृती बघितली, खूश झाले. "बाण काढलेत. चांगलं आहे." मग पेन्सिलचं टोक ओळींवरून खाली सरकत गेलं आणि थांबलं. "हे काय केलंस?"

"काय, सर?"

"दहा आणि सात मिळवलेस. ब्रेक लावलेल्या गाडीचे वेग असे सरळ मिळवता येतात का? वेगाचे वर्ग मिळवायचे, मग मूळ काढायचं. मागच्या परीक्षेतही हीच चूक होती तुझी. मला आठवतंय, लाल पेनाने लिहिलं होतं मी."

मुंगीने तिथेच उभ्या उभ्या मांडलं. दहाचा वर्ग शंभर, दुसरा सातहून किंचित कमी, त्याचा वर्ग सत्तेचाळीस, दोन्हींची बेरीज, तिचं मूळ. सेकंदाला बारा मीटर आणि वर थोडं. ताशी चव्वेचाळीस.

"डांबर जरा जास्त खरखरीत धरलं तर, सर?"

"करून बघ."

सत्तेचाळीस आलं. अगदी टोकाचं धरलं तरी एकोणपन्नासच्या आत. तिचे डोळे भरून आले आणि सरांनी चष्मा वर करून तिच्याकडे बघितलं. त्यांना काय समजलं कोण जाणे. वहीतल्या दिलेल्या गोष्टींच्या यादीवर त्यांनी बोट ठेवलं.

"हे सहा मीटर दिलेत, गाडी थांबलेली होती असं दिलंय. ते तू कुठेच वापरलं नाहीस. म्हणजे गणिताला दुसरा भाग असणार. घरी सोडव."

घरी पोचेपर्यंत ती जवळजवळ धावतच होती. बाबा ओट्याशी उभे राहून चहा ओतत होते. "चव्वेचाळीस," तिने दारातूनच सांगितलं. बाबांनी भांडं खाली ठेवलं आणि ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. आई पुढे झाली आणि तिने फडक्याने ओटा पुसला. निम्मा चहा कपाच्या डाव्या बाजूने खाली गेला होता.

मुंगीने ते बघितलं, पण त्या वेळी तिला त्याचं काही वाटलं नाही.

कागदावर सगळं सुवाच्य अक्षरात उतरवायचं म्हणून ती पुन्हा वही घेऊन बसली. तेव्हा ते सहा मीटर डोळ्यांत खुपायला लागले. बाबा म्हणतात, एकदम आली. दुकानवाली म्हणते, थांबून हळू निघाली. हळू म्हणजे किती? ऊन उतरलं नव्हतं तोवर ती परत त्या रस्त्यावर गेली. दुकानाच्या पायरीवर बसून गल्लीतून थांबून निघणाऱ्या गाड्यांची वेळ तिने मोबाइलवर मोजली, दहा गाड्यांची. सहा मीटर पार करायला बहुतेकांना तीन सेकंद लागत होते. सगळ्यात घाईतल्या माणसालाही अडीच.

पायरीवरच तिने वही मांडीवर उघडली. त्या घाईतल्या माणसाचेच अडीच धरू, बाबांच्या बाजूने. त्यातून ब्रेकच्या खुणा पडायला लागलेला अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ वजा केला, तरी दोन सेकंदांहून थोडं जास्तच राहतं. म्हणजे गाडी रस्त्यावर यायला लागली तेव्हापासून पूर्ण दोन सेकंद बस ब्रेक न लावता चालली होती. बस तेव्हा काचांच्या जागेपासून तीस मीटर लांब होती. सावध ड्रायव्हरचा पाय एका सेकंदात ब्रेकवर जातो. त्यात बारा मीटर जातील. उरले अठरा. थांबायला लागतात साडेबारा.

बस पाच मीटर अलीकडे थांबली असती. त्या बाईला धक्कासुद्धा लागला नसता.

मुंगीने पुन्हा मांडलं. आता चूक सापडावी असं तिला वाटत होतं, आणि वर्ग, मूळ, सगळं जिथल्या तिथे होतं. समोरून एक बस गेली, आत माणसं उभी होती, खिडकीत एक लहान मूल ओठ काचेला लावून बसलं होतं. सोमवारी चौकशी. साहेब विचारतील ते फक्त वेगाचं. चव्वेचाळीस म्हटलं की बाबा सुटले. मंगळवारी सकाळी बस पुन्हा त्यांच्या हातात.

आणि मग एकेक गोष्ट आठवायला लागली. कपाच्या बाहेर गेलेला चहा. गेल्या महिन्यात दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटला तेव्हा बाबा चौकटीवरच चिडले होते. जेवताना डावीकडे ठेवलेली वाटी राहून जायची आणि आई म्हणायची, लक्ष कुठे असतं तुमचं?

शनिवारी पहाट सरताच तिने बाबांना उठवलं. "चला, जरा फिरून येऊ." आईला काही सांगितलं नाही. रस्ता रिकामा होता. दुकानाचं शटर खाली होतं. मुंगीने बाबांना गल्लीच्या थोडं अलीकडे, फुटपाथच्या कडेला उभं केलं.

"समोर त्या खांबाकडे बघा. नजर हलवायची नाही. मी डावीकडून येते. दिसले की सांगा."

"हा काय खेळ लावलास?" बाबा म्हणाले. पण त्यांचा आवाज खेळातला नव्हता.

ती गल्लीत शिरली, वळली आणि हळूहळू बाहेर यायला लागली. लाल ओढणी मुद्दाम घेतली होती. एक पाऊल, दोन, तीन. बाबा खांबाकडे बघत होते. तिने ओढणी हलवली. बाबा खांबाकडेच बघत होते. ती त्यांच्या जवळजवळ समोर आली, हात लांब केला असता तर त्यांच्या शर्टाला लागला असता, तेव्हा ते दचकले.

"आता," ते म्हणाले. "आता दिसलीस."

मुंगीने वही उघडून दुसरं पान त्यांच्यापुढे धरलं. बाबांना त्यातलं काही कळण्यासारखं नव्हतं, पण त्यांनी ते बराच वेळ बघितलं.

"कधीपासून आहे हे, बाबा?"

"सहा महिने झाले असतील. आधी वाटलं, चष्म्याचा नंबर वाढलाय. मग वाटलं, वय झालं." ते फुटपाथच्या कडेवर बसले. "दुखत नाही, खुपत नाही. नुसतं त्या बाजूला काही नसतं. मान वळवून बघायची सवय केली होती मी. त्या दिवशी वळवली नाही."

"डॉक्टरकडे का नाही गेलात?"

"गेलो असतो तर त्याने लिहून दिलं असतं, गाडी बंद." मग अगदी हळू म्हणाले, "मुंगे, रोज सकाळी गाडीला किल्ली लावताना माझे हात गार पडायचे. तुला सांगतो, रोज. चाळीस माणसं मागे, आणि मी मनात म्हणायचो, आजचा दिवस जाऊ दे."

दुपारी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी दोन तास तपासलं. डोळ्यांतला दाब वाढून आतली नस वाळत गेली होती, काचबिंदू. डावा डोळा बाहेरच्या बाजूने जवळजवळ गेला होता. उजव्यालाही नाकाकडच्या बाजूने सुरुवात होती, म्हणून डावीकडचं तोही भरून काढत नव्हता. "गेलं ते परत यायचं नाही," त्या म्हणाल्या. "राहिलंय ते थेंबांनी टिकेल. पण गाडी चालवायची नाही. आजपासून, सायकलसुद्धा नाही." बाबांनी मान हलवली. आईने त्यांचा शर्ट मागून मुठीत धरला होता, तो बाहेर येईपर्यंत सोडला नाही.

रविवारी मुंगीने पहिलं पान सुवाच्य उतरवलं. दुसरं उतरवायचं की नाही ते तिला विचारायचं होतं, पण तोंड उघडेना. या एका कागदाने बाबांचं उभं आयुष्य पुसलं जाईल, आणि तो कागद आपल्या अक्षरातला. संध्याकाळी बाबाच खोलीत आले आणि दाराशी उभे राहिले.

"दोन्ही लिही," ते म्हणाले. "आणि खाली तारीख घाल."

सोमवारी चौकशीच्या खोलीत मुंगीला आत घेतलं नाही. ती बाकावर बसली होती, दार अर्धवट उघडं होतं. चौकशी अधिकाऱ्यांनी पहिलं पान वाचलं, आकडेमोड दुसऱ्या साहेबांकडून ताडून घेतली. "वेग मर्यादेत होता तर," ते म्हणाले. "मग हे दुसरं पान कशाला जोडलंत? हे तर तुमच्याच विरुद्ध जातंय."

"ते वाचा, साहेब," बाबा म्हणाले. "आणि त्याखाली डॉक्टरांचा कागद आहे तो वाचा. मला ती बाई दिसलीच नाही. ती एकदम आली नव्हती. मी खोटं नव्हतो बोलत, पण ते खरं नव्हतं."

मग टेबलावर काहीतरी ठेवल्याचा आवाज झाला. बाबांनी लायसन्स काढून दिलं होतं.

पुढे महिनाभर काय होणार ते कोणालाच ठाऊक नव्हतं. नोकरी जाईल, खटला होईल, काहीही. फोन वाजला की घरातली तिघंही त्याच्याकडे बघत बसायची. शेवटी पत्र आलं. ड्रायव्हिंग कायमचं बंद. आजार लपवल्याचा ठपका. सहा महिने बिनपगारी, नंतर डेपोत वेळापत्रकाच्या टेबलावर काम. आईने पत्र दोनदा वाचून घेतलं आणि मग खाली बसून रडली. ती भीतीने रडत होती की भीती संपली म्हणून, हे तिलाच सांगता आलं नसतं.

शिवणकाम करणाऱ्या बाईला हॉस्पिटलमधून सोडल्यावर बाबा तिला भेटायला गेले. एकटं जायचा धीर होईना, म्हणून मुंगी बरोबर. बाईच्या हाताला प्लास्टर होतं. कोपऱ्यात मशिन कापडाने झाकून ठेवलेलं. बाबांनी उभ्यानेच सगळं सांगितलं, डोळ्याचं, दोन सेकंदांचं. काही राखून ठेवलं नाही.

बाई ऐकत राहिली. मुंगीला वाटलं, आता ही हाकलून देणार.

"मी तुम्हाला बघितलं होतं," ती शेवटी म्हणाली. "बस लांब होती. तुमचं तोंड माझ्याकडेच होतं. मला वाटलं, तुम्हाला मी दिसलेय. म्हणून गाडी काढली."

बाबांनी खाली बघितलं.

"महिनाभर सगळे मला म्हणतायत, तूच आडवी गेलीस. भाऊ म्हणतो, नवरा म्हणतो. मलाही तेच वाटायला लागलं होतं. रात्री दचकून उठते मी, की आपल्याला अंतरच कळत नाही. आता परत गाडी चालवायची नाही असं ठरवून टाकलं होतं." तिने मुंगीकडे बघितलं. "तू काढलंस ते गणित?"

"हो."

"मला समजावून सांगशील? मला घरच्यांना दाखवायचंय."

मुंगीने पिशवीतून वही काढली आणि त्या बाईच्या शेजारी, चांगल्या हाताच्या बाजूला बसली. बाबा अजून उभेच होते. बाईने पायाने एक स्टूल त्यांच्याकडे सरकवलं.

"आधी ही आकृती बघा," मुंगी म्हणाली. "ही तुमची गाडी. हा बाण तुम्ही निघालात त्या दिशेचा."